‘नीट’ हुकली म्हणून नव्हे, विषय आवडला म्हणून

(प्राचार्यांचे मनोगत)





मागच्या जूनमध्ये आपली एक विद्यार्थिनी वडिलांबरोबर टी. सी. घ्यायला कार्यालयात आली होती. बारावीला पीसीबी, गुण चांगले, मुलगी अभ्यासू. "कुठे प्रवेश घेतला?" असे मी सहज विचारले. वडील थोड्या खालच्या आवाजात म्हणाले, "सध्या बी. एस्सी. बायोकेमिस्ट्रीला टाकलंय, मॅडम. नीट पुन्हा द्यायचीच आहे. हे आपलं नुसतं साल वाया जाऊ नये म्हणून." मुलगी काही बोलली नाही. वडील फी-खिडकीकडे गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "मॅडम, मला नीट द्यायचीच नाहीये. मला हेच शिकायचंय. पण घरी सांगू कसं?"

बाहेर रांग होती. मी तिला दोन-चार वाक्यांत धीर दिला आणि ती गेली. पण "टाकलंय" हा शब्द माझ्या मनातून जाईना. अडगळ माळ्यावर टाकतात, तसे आपण आपल्या मुलांना एखाद्या विषयात "टाकतो". त्या दिवशी जे सांगायचे राहून गेले ते आज सगळ्यांसमोर लिहीत आहे. विषय जीवरसायनशास्त्राचा, म्हणजे बायोकेमिस्ट्रीचा आहे. पण प्रश्न त्याहून मोठा आहे. आपल्या समाजात विज्ञान शिकणे म्हणजे डॉक्टर किंवा इंजिनीअर होणे, आणि उरलेले सगळे म्हणजे हुकलेले, हा हिशेब आपण कधी तपासून पाहणार?

आधी वजाबाकी पाहू. २०२४ साली नीट परीक्षेला देशभरातून २३ लाखांहून अधिक मुले बसली. एम. बी. बी. एस.च्या जागा एक लाखाच्या थोड्या वर. म्हणजे वीस-बावीस मुलांमागे एक जागा. उरलेल्या सगळ्यांना "नापास" समजायचे का? ही मुले कमी पडत नाहीत, जागा कमी पडतात. तरीही एक ड्रॉप, मग दुसरा ड्रॉप, कोचिंगची फी, आणि वयाची कोवळी दोन-तीन वर्षे आपण त्याच दारात उभे राहण्यात घालवतो. ज्याला मनापासून डॉक्टर व्हायचे आहे त्याने जरूर प्रयत्न करावा, मी त्याच्या पाठीशी आहे. माझे म्हणणे त्यांच्यासाठी आहे ज्यांना रुग्ण तपासण्यापेक्षा "हे असे का होते?" या प्रश्नाची ओढ जास्त आहे.

घरातलीच प्रयोगशाळा

हे शास्त्र आहे तरी काय? सजीवांच्या शरीरात चालणारे रसायनशास्त्र, इतकी साधी व्याख्या पुरे. त्याची सुरुवात आपल्या स्वयंपाकघरातच होते.

रात्री आई दुधाला विरजण लावते. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. आम्लता वाढत सामू ४.६ च्या आसपास आला, की दुधातले केसीन हे प्रथिन एकमेकांना धरून बसते आणि दही लागते. थंडीत दही का लागत नाही? कारण जिवाणूंचे काम विकरांवर, म्हणजे एन्झाइम्सवर चालते आणि विकरांना ठराविक ऊब लागते. आपल्या आज्या डबा गोधडीत गुंडाळून ठेवत असत. त्यांना विकर हा शब्द ठाऊक नव्हता, गोष्ट मात्र पक्की ठाऊक होती.

लहान मुलाला जुलाब झाले की आपण मीठ-साखरेचे पाणी देतो. साखर कशाला? चवीसाठी नव्हे. आतड्याच्या अस्तरात एक प्रथिन असते. ते ग्लुकोजबरोबरच सोडियम आत घेते, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जाते. नुसते मिठाचे पाणी दिले तर जुलाबात ते नीट शोषले जात नाही. ग्लुकोज आणि सोडियमची ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी तोंडाने पाजून असंख्य जीव वाचवले. आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ओआरएसच्या पुडीत एक लिटर पाण्यासाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते (शिवाय थोडे पोटॅशियम क्लोराइड व सायट्रेट). हे प्रमाण या रसायनशास्त्रातून आलेले आहे.

तिसरे उदाहरण तर घरोघरचे. आजोबांचा मधुमेह. बोटाच्या थेंबभर रक्तावर साखर मोजणाऱ्या पट्टीवर एक विकर बसवलेले असते. ते फक्त ग्लुकोज ओळखते. डॉक्टर "तीन महिन्यांची साखर" म्हणून जी एचबीएवनसी चाचणी करायला सांगतात, ती तीन महिन्यांचीच का? कारण रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्यातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली हे त्या चाचणीत मोजतात. आजोबा घेतात ते इन्सुलिन १९२२ साली टोरांटोत प्रथम रुग्णाला दिले गेले. ते प्राण्यांच्या स्वादुपिंडातून काढलेले होते. फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनमधल्या ५१ अमिनो आम्लांचा क्रम शोधला (१९५८ चे नोबेल त्यासाठीच), आणि १९८२ पासून जिवाणूंकडून तयार करून घेतलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, पण त्या चिठ्ठीमागे हे सगळे काम उभे असते.

इंदूरची एक लेक

आता आपल्या शहराची गोष्ट. इंदूरला जन्मलेल्या दोन बहिणी. थोरली दुर्गाबाई भागवत, ज्यांना मराठी वाचणारा प्रत्येक जण ओळखतो. १९७५ च्या कराड साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा. धाकटी कमला भागवत, पुढे कमला सोहोनी. हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे?

कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. होऊन कमलाबाईंनी तिथेच अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलींना घेत नाही, म्हणून त्यांनी अर्ज फेटाळला. कमलाबाई हटल्या नाहीत. गांधीजींच्या मार्गाने त्यांनी सत्याग्रह केला, आणि शेवटी काही मानहानीकारक अटींवर, एक वर्षाच्या परीक्षाकाळासाठी, त्यांना प्रवेश मिळाला. काम पाहून पुढे ते दार इतर मुलींनाही उघडले. नंतर त्या केंब्रिजला गेल्या. पेशी श्वसन करते तेव्हा इलेक्ट्रॉन वाहून नेणारे सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी बटाट्यावरच्या कामातून दाखवले आणि १९३९ साली पीएच. डी. मिळवली. विज्ञानात पीएच. डी. मिळवणाऱ्या अगदी आरंभीच्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक.

मला त्यांचे पुढचे आयुष्य अधिक महत्त्वाचे वाटते. त्या परत आल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, आणि मग मुंबईची विज्ञान संस्था, जिथे त्या पुढे संचालक झाल्या. तिथे विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी कशावर काम केले? नीरा, डाळी, कडधान्ये; म्हणजे गरिबाच्या ताटातल्या अन्नावर. कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे घटक असतात, त्यांचाही त्यांनी अभ्यास केला.

हा शेवटचा धागा थेट माळव्याच्या शेतात येतो. आपल्याकडे सोयाबीन घरोघरी पिकते, पण कच्चे सोयाबीन पचत नाही, ते याच ट्रिप्सिन-रोधकामुळे. म्हणून ते चांगले शिजवावे किंवा भाजावे लागते. आपल्या खंडवा रोडवर १९८७ पासून सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी ‘एनआरसी १२७’ नावाचे वाण तयार केले आहे, ज्यात कुनिट्झ ट्रिप्सिन-रोधक हा त्यातला मुख्य घटकच नाही. मुंबईच्या प्रयोगशाळेत इंदूरच्या लेकीने ज्या प्रश्नावर काम केले, त्याच प्रश्नाचे एक उत्तर आपल्या गावाबाहेरच्या शेतात उगवते आहे. आणि आपण म्हणतो, "बायोकेमिस्ट्री करून होणार काय?"

आपल्या शेजारचे दुखणे

आणखी एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. झाबुआ, अलीराजपूर, धार, खरगोन हे आपल्या शेजारचे जिल्हे. तिथल्या आदिवासी कुटुंबांत सिकल सेल हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. हिमोग्लोबिनची बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसले, की प्राणवायू कमी झाल्यावर हिमोग्लोबिनचे दोरे तयार होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि मूल वेदनेने तळमळते. १४६ मधली एक जागा! हे १९५० च्या दशकात व्हर्नन इनग्रॅम यांनी शोधले. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक.

१ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यात शहडोल येथून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झाले. १७ राज्यांतील सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट आहे. डॉक्टर तर लागतीलच, पण गावोगावचे नमुने तपासणारे, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून ओळखणारे, अधिक स्वस्त चाचणी शोधणारे हात कुठून येणार? हे हात प्रयोगशाळेतलेच असतात.

वाट कशी आहे?

आता व्यवहाराचे बोलू. पालकांना हेच हवे असते आणि त्यात गैर काही नाही.

बारावीला जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र असले की बी. एस्सी.ला बायोकेमिस्ट्री घेता येते. आपल्या राज्यात नवे शिक्षण धोरण २०२१-२२ पासून लागू झाले; तीन वर्षांची पदवी, किंवा चौथे वर्ष ऑनर्स अथवा संशोधनासह, असे दोन्ही पर्याय आहेत. अनेक विद्यापीठांचे पदवी-प्रवेश २०२२ पासून सीयूईटी परीक्षेने होतात. भोपाळ, पुणे आणि इतर ठिकाणच्या आयसर संस्थांत पाच वर्षांचा बी. एस.–एम. एस. अभ्यासक्रम आहे, त्यासाठी आयएटी ही वेगळी परीक्षा. भुवनेश्वरच्या नायसर आणि मुंबईच्या सीईबीएससाठी नेस्ट. आयएटीमध्ये जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. तेव्हा बायोवाल्या मुलांनो, दहावीनंतर गणिताला कायमचा रामराम ठोकू नका. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल प्रथिनांची रचना संगणकाने ओळखणाऱ्या आणि नवी प्रथिने घडवणाऱ्या शास्त्रज्ञांना मिळाले, एवढे सांगितले तरी पुरे.

एम. एस्सी.साठी सीयूईटी-पीजी, आयआयटीची जॅम (बायोटेक्नॉलॉजीचा पेपर), जीएटी-बी अशा परीक्षा आहेत. फार लांब जायचे कारण नाही. आपल्या देवी अहिल्या विश्वविद्यालयात बायोकेमिस्ट्रीचा स्वतंत्र विभाग आहे. २००९ साली सुरू झालेल्या आयआयटी इंदूरमध्ये जीवविज्ञानाचा विभाग आहे. राजा रामन्ना केंद्रातल्या ‘इंडस-२’ यंत्रावर प्रथिनांच्या स्फटिकांची रचना पाहण्याची सोय आहे. आपल्या मराठी बांधवांचे जुने घर असलेल्या बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा बायोकेमिस्ट्री विभाग १९५५ पासूनचा. त्या विभागाचे प्रमुख प्रा. सी. व्ही. रामकृष्णन यांचे चिरंजीव वेंकी यांनी वैद्यकीय प्रवेश हाती असताना तो सोडून तिथेच भौतिकशास्त्राची बी. एस्सी. केली. पुढे पेशीतला प्रथिने बनवणारा कारखाना, रायबोसोम, कसा दिसतो हे दाखवून त्यांनी २००९ चे नोबेल मिळवले. प्रत्येक मूल नोबेलला जाणार नाही. पण हातची मेडिकलची जागा सोडणारा मुलगा वेडा नसतो, एवढे तरी यातून घ्यावे.

पुढे नेट-जेआरएफ किंवा गेट उत्तीर्ण होऊन पीएच. डी. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची शिष्यवृत्ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, नंतर ४२,००० रुपये, आणि नियमानुसार घरभाडे. म्हणजे संशोधन करताना मुलगा बापाच्या जिवावर बसलेला नसतो.

गोड बोलून फसवायचे नाही

इथवर वाचून कुणी उद्याच मुलाला बायोकेमिस्ट्रीला घालायला निघेल, तर जरा थांबावे. कडू औषधही पाजले पाहिजे.

नुसत्या बी. एस्सी.वर फार मोठी नोकरी मिळत नाही. पीथमपूरच्या औषध कारखान्यांत गुणवत्ता-नियंत्रण विभागात साहाय्यकाची जागा, औषध-विक्री प्रतिनिधी, बी. एड. करून शिक्षक, किंवा स्पर्धा परीक्षा, अशा वाटा असतात. सुरुवातीचा पगार बेताचा असतो. बायोकेमिस्ट्रीची पदवी म्हणजे पॅथॉलॉजी लॅब उघडण्याचा परवानाही नव्हे. लॅब तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम वेगळा असतो, आणि तपासणीच्या अहवालावर कोणी सही करायची याचे नियम वेगळे. हे प्रवेशाआधी माहीत असावे, नंतर कपाळाला हात लावू नये.

एम. एस्सी. झाल्यावर दारे वाढतात. औषध कंपन्यांचे गुणवत्ता व संशोधन विभाग, निदान-संच बनवणाऱ्या कंपन्या, क्लिनिकल रिसर्च, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, महाविद्यालयीन अध्यापन. अन्न सुरक्षा अधिकारी पदाच्या पात्रतेत बायोकेमिस्ट्री आहे; आपल्या राज्यात ही भरती लोकसेवा आयोगामार्फत होते. फूड अ‍ॅनालिस्टच्या परीक्षेला एम. एस्सी. बायोकेमिस्ट्री आणि अन्न-तपासणीचा तीन वर्षांचा अनुभव चालतो. ज्या शहराचे नाव शेव-नमकीनने देशभर गेले, तिथे अन्न तपासणाऱ्यांना काम नाही असे कोण म्हणेल? विज्ञानाची पदवी असलेल्याला पेटंट एजंटची परीक्षाही देता येते. वाचन-लेखनाची आवड असलेल्यांना ती वाट चांगली.

संशोधनाला मात्र वेळ लागतो. पदवी, एम. एस्सी., पीएच. डी. मिळून दहा वर्षे धरा. प्रयोग फसतात, महिनोन्‌महिने हाती काही लागत नाही, शिष्यवृत्तीचे पैसेही कधी उशिरा येतात. "मुलगी तिशीला येईल, मग लग्न कधी?" हा प्रश्न मला आडून विचारला जातो, म्हणून उघड उत्तर देते. एम. बी. बी. एस. साडेपाच वर्षांचे आणि वरची एम. डी. तीन वर्षांची, त्यात दोन ड्रॉप मिळवा. बेरीज तुम्हीच करा. डॉक्टर मुलीसाठी थांबणारे घर शास्त्रज्ञ मुलीसाठी का थांबू नये?

तेव्हा कसोटी एकच. मुलाला हा विषय खरोखर आवडतो का? प्रयोग तीनदा फसल्यावर चौथ्यांदा करायला तो कुरकुर न करता उभा राहतो का? तसे असेल तर ही त्याची पहिली पसंती असू द्या. नसेल तर केवळ नीट हुकली म्हणून इथे ढकलू नका. तो विषयावर आणि मुलावर, दोघांवरही अन्याय होईल.

भाषेची भीती

आपल्या अनेक मुलांच्या मनात आणखी एक भीती असते: इंग्रजी. घरी मराठी, शाळेत आणि बाजारात हिंदी, आणि बायोकेमिस्ट्रीची पुस्तके इंग्रजी. ही भीती मला चांगली ठाऊक आहे, कारण माझी पदवी हिंदी माध्यमातली. पुढे इंग्रजी पुस्तक हाती आले तेव्हा पहिले पान समजायला मला दोन संध्याकाळी लागल्या होत्या. त्याआधीची गंमत वेगळीच. लहानपणी घरच्या मराठी पुस्तकात ‘पेशी’ वाचले होते, म्हणजे सेल. कॉलेजात हिंदीत ‘पेशी’ आली ती स्नायूची, आणि सेलला म्हणायचे ‘कोशिका’. परीक्षेत मी दोन्हींची खिचडी केली आणि गुण घालवले.

पण त्यातूनच एक गोष्ट शिकले. शब्द बदलतात, पेशी तीच राहते. जी गोष्ट आपल्या भाषेत नीट समजली, तिला इंग्रजी नाव चिकटवायला वेळ लागत नाही. न समजता पाठ केलेले इंग्रजी वाक्य मात्र परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी उडून जाते. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळमध्ये एम. बी. बी. एस.च्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली, त्या तीन विषयांत बायोकेमिस्ट्री होती. त्या प्रयोगावर मतभेद आहेत. माझे मत असे, की समजण्यासाठी आपली भाषा आणि पुढे वाचण्यासाठी इंग्रजी, दोन्ही हवीत. आपल्या घरातले मूल तीन भाषांत वाढते. हे त्याचे ओझे समजू नका, ती त्याची शिदोरी आहे.

विश्वस्त मंडळींना एक विनंती

शेवटी हे सगळे ज्यासाठी लिहिले, ते सांगते.

आपल्या संस्थेचा शिक्षण सहाय्य निधी आहे. समाजातल्या कितीतरी घरांनी त्यात आपल्या आई-वडिलांच्या नावाने पैसे दिले आहेत. त्यातून गरजू मुलांना बिनव्याजी रक्कम मिळते. पण नियमात शब्द असे आहेत : "वैद्यकीय, अभियांत्रिकी व तत्सम व्यावसायिक अभ्यासक्रम". बी. एस्सी., एम. एस्सी. करणाऱ्या मुलाला या निधीतून मदत मिळत नाही. सभागृहातल्या गुणगौरव फलकावरही डॉक्टर आणि इंजिनीअर अशा दोनच रकाने आहेत. कमला सोहोनी आज आपल्या शाळेत असत्या, तर त्यांना मदतही मिळाली नसती आणि त्यांचे नावही त्या फलकावर लागले नसते.

मला ठाऊक आहे, निधी मर्यादित आहे. व्यावसायिक शिक्षण घेतलेली मुले लवकर कमावतात आणि पैसे लवकर परत येतात, हा मुद्दा आपल्यापैकी काहींनी माझ्याजवळ मांडला आहे आणि तो चुकीचा नाही. पण विज्ञान पदवीची फी वैद्यकीय शिक्षणाच्या मानाने फारच कमी असते. एका वैद्यकीय विद्यार्थ्याला दिलेल्या रकमेत दोन-तीन एम. एस्सी.ची मुले शिकतील. परतफेड नोकरी किंवा जेआरएफ सुरू झाल्यापासून ठेवता येईल. माझी मागणी छोटी आहे : नियमात "मूलभूत विज्ञान" हे दोन शब्द घालावेत, पहिल्या वर्षी दोनच मुलांना मदत द्यावी, आणि तीन वर्षांनी हिशेब पाहावा. पटले नाही तर नियम पूर्वीसारखा करता येईल. फलकावरच्या तिसऱ्या रकान्याला तर रंगाच्या डब्यापलीकडे काहीच खर्च नाही.

पालकांनाही एक विनंती. निकालानंतर मुलाला "कुठे टाकू" असे विचारण्याआधी एक संध्याकाळ त्याच्याजवळ बसा आणि "तुला काय शिकायचंय?" असे विचारा. उत्तर आपल्या मनासारखे नसेल तरी पूर्ण ऐका. आणि मुलांनो, घरी सांगायला भीती वाटत असेल तर आई-बाबांना घेऊन माझ्याकडे या. शनिवारी दुपारी मी कार्यालयात असते.

ती मुलगी आता पहिल्या वर्षाला आहे. हा अंक निघाला की एक प्रत तिच्या घरी पाठवणार आहे, वडिलांच्या नावाने. "घरी सांगू कसं?" असे तिने विचारले होते. तिच्या वतीने मी सांगून पाहिले आहे. बाकीचे ती सांगेल.

आपली,
प्राचार्या